पॅकेजमधली सूट कुणाच्या खिशातून?

नमस्कार. समोर बसलेल्यांत डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करणारे आहेत, मुद्रितशोधक आहेत, मुखपृष्ठं करणारे चित्रकार आहेत, दोघी-तिघी अनुवादक दिसताहेत. थोडक्यात, महिनाअखेरीला पगाराचा मेसेज न येणारी मंडळी. तेव्हा उदाहरण आपल्याच धंद्यातलं घेतो: स्वखर्चाने पुस्तक काढू पाहणारा लेखक आणि त्याला ते करून देणारे आपण.

या कामाची हल्ली पॅकेजेस झाली आहेत. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मूळ किंमत साठ हजार, त्यावर आडवी काट, खाली ३९,९९९. हे पाहून आपणही तसंच करायला जातो. मेळ कसा घालतो, तर आपल्या कामांचे दर एकाखाली एक लिहितो, बेरीज करतो आणि वीस टक्के उडवतो. वीसच का, याला उत्तर नसतं. दुसऱ्या कुणी धंदेवाल्याने पंधरा दिले म्हणून आपले वीस.

आकडे घालून बघू. समजा, दोनशे पानांचं पुस्तक आहे. अक्षरजुळणी आणि मांडणीचे १४,०००, मुद्रितशोधनाचे १०,०००, मुखपृष्ठाचे ८,००० आणि छपाईवर देखरेख ठेवण्याचे ८,०००. एकूण ४०,०००. यातलं मुद्रितशोधन तुम्ही बाहेर देता, तिथे दहा हजार गेले. मुखपृष्ठाच्या चित्राचे सहा हजार चित्रकाराला गेले. तुमच्या हातात राहिले चोवीस हजार. आता वीस टक्के सूट म्हणजे आठ हजार. मुद्रितशोधक काही तुमच्यासाठी वीस टक्के कमी घेणार नाही, घेऊही नये. हे आठ हजार सगळेच्या सगळे तुमच्या चोवीसातून जाणार. ग्राहकाला वीस टक्के सूट मिळाली, तुम्हाला तेहतीस टक्के खड्डा पडला, आणि काम एका पानानेही कमी झालं नाही.

मग पॅकेज करूच नये का? करावं. पण त्यामागचं अर्थशास्त्र आपल्याकडे अर्धंच येऊन पोचलंय, म्हणून ते जरा नीट पाहू.

अमेरिकेत पूर्वी हॉलिवूडचे स्टुडिओ थिएटरवाल्यांना चित्रपट गठ्ठ्याने विकत. एक चालणारा हवा असेल तर चार पडेलही घ्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली या प्रकाराला चाप लावला, आणि पुढे १९६२ साली टीव्ही केंद्रांना असेच गठ्ठे विकण्यालाही. त्यावर १९६३ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने एक छोटं टिपण लिहिलं. या स्टिगलरला पुढे १९८२ चं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं की गठ्ठ्याने विकण्याचा फायदा वेगळाच आहे: दोन गिऱ्हाइकांना दोन वस्तूंची किंमत उलटसुलट वाटत असेल, तर एकत्र विकल्याने दोघांकडूनही जास्त पैसे निघतात.

हे आपल्या भाषेत आणतो. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. "शुद्धलेखन मला शिकवू नका," असं म्हणणारे. मुद्रितशोधनाला ते तीन हजारांवर एक रुपया देणार नाहीत, पण देखण्या मुखपृष्ठाला आठ हजार देतील. दुसरीकडे एक डॉक्टरीणबाई आहेत. आठवणी लिहिल्यात, ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती आहे, म्हणून मुद्रितशोधनाला आठ हजार द्यायला तयार. मुखपृष्ठाला मात्र तीन हजार पुष्कळ झाले म्हणतात. तुम्ही दोन्ही कामांचा दर आठ-आठ हजार ठेवलात तर दोघेही एकेकच काम देतील: सोळा हजार. दर तीन-तीन हजारांवर आणलात तर दोघे दोन्ही कामं देतील, पण मिळतील बाराच हजार. आणि दोन्ही मिळून अकरा हजार म्हणालात तर दोघेही "हो" म्हणतील. बावीस हजार! वाटतं ना, हाच तो मंत्र?

इथेच घात आहे. स्टिगलर चित्रपटांबद्दल बोलत होता. चित्रपट एकदा तयार झाला की आणखी एका थिएटरला देण्याचा खर्च एका प्रिंटचा. सॉफ्टवेअरमध्ये तर तेवढाही नाही. मायक्रोसॉफ्टने १९९० च्या सुमाराला वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट एकत्र बांधून ऑफिस म्हणून विकायला काढलं, तेव्हा एक्सेलची जास्तीची प्रत देण्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. तुमचं जातं. सोळावरून बावीसवर जाताना तुम्ही दोन कामं जास्त केलीत आणि जास्तीचे मिळाले सहा हजार. म्हणजे मुख्याध्यापकांचं पुस्तक तुम्ही तीन हजारांत तपासलंत आणि डॉक्टरीणबाईंचं मुखपृष्ठ तीन हजारांत केलंत. दोनशे पानं दोनदा वाचायला तीन हजार परवडत असतील तर जरूर करा. मला परवडत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की आपल्या कामातली सूट फक्त वाचलेल्या कामातून द्यावी. दोन कामं एकाच हाताकडे आल्यामुळे खरोखर काय वाचलं हे शोधायचं, आणि त्यातलाच हिस्सा लेखकाला द्यायचा. जिथे काही वाचत नाही तिथे सूटही नाही.

काय वाचतं? मुखपृष्ठ आणि मांडणी यांचंच घ्या. पुस्तकाच्या कण्याची जाडी पानसंख्येवर आणि कागदावर ठरते. दोनशे पानं म्हणजे शंभर ताव... नाही, ताव नव्हे, शंभर पत्रं. सत्तर जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा छपाईचा नेहमीचा कागद धरला तर कणा साधारण नऊ-दहा मिलिमीटरचा. बल्की, म्हणजे फुगीर कागद घेतलात तर आणखी जाड. मुखपृष्ठ करणारा वेगळा आणि मांडणी करणारा वेगळा असला की काय होतं? मुखपृष्ठवाल्याने कणा बारा मिलिमीटर धरलेला असतो, इकडे तुम्ही टाइप अर्ध्या पॉइंटने उतरवून पानं कमी केलेली असतात, आणि बाइंडिंग झाल्यावर कण्यावरचं नाव घसरून मलपृष्ठावर येतं. मग पुन्हा फाइल, पुन्हा फोन, प्रेसचा वैताग. दोन्ही कामं एकाकडे असली तर मुखपृष्ठाची अंतिम फाइल पानसंख्या पक्की झाल्यावरच, एकदाच बनते. हे वाचलेलं काम.

तसंच फर्म्याचं, म्हणजे एका तावावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीचं. छपाई सोळा पानांच्या फर्म्याने होते. पुस्तक १९६ पानांचं झालं तर बारा फर्मे आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी प्रेस वेगळा हिशेब लावतं. मांडणी आणि छपाईची देखरेख तुमच्याकडेच असेल तर तुम्ही आधीच अनुक्रमणिका दोन पानांवरून एकावर आणता, दोन प्रकरणांच्या शेवटी लोंबणाऱ्या तीन-चार ओळी वर ओढता, एक कोरं पान काढता, आणि १९२ वर बसवता. लेखकाचे छपाईतले पैसे वाचले आणि तुमचा तासही गेला नाही.

सगळ्यांत मोठी बचत मात्र संपादन आणि अक्षरजुळणी यांच्या सांध्यात आहे. मजकूर आधी तपासून, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे नीट करून मगच मांडणीला घेतला तर करेक्शनं निम्म्याहून खाली येतात. उलट क्रमाने केलंत, म्हणजे आधी पानं लावली आणि मग शोधन, की दुसऱ्या प्रुफालाही पानं लाल. त्यात लेखकाने जुन्या श्री-लिपी फाँटमधली फाइल दिलेली असली तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांनी जे खेळ केलेले असतात ते निस्तरणं वेगळंच.

हे सगळं तासांत मोजा. चाळीस हजारांच्या कामात असं चार हजारांचं काम खरोखर वाचत असेल तर छत्तीस हजारांचं पॅकेज द्या. दहाच टक्के झाले? होऊ देत. लेखकाला ती सूट का, हे एका वाक्यात सांगता येतं, आणि असं कारण सांगितलं की पुढची घासाघीस बरीच थांबते. तसंही, या लेखकाला चार जणांच्या मागे धावायचं नसतं, हेच त्याचं मुख्य दुखणं. सूट त्यानंतर येते.

पॅकेजमध्ये काय भरायचं, त्यातही लबाडी चालते. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे, अडीच हजार लावलेले मी पाहिलेत. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. अर्ज भरून देण्याची मजुरी जरूर घ्या, पण ती मजुरी म्हणूनच लिहा. याउलट एक काम कुणी यादीत घालतच नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक हाच प्रकाशक, आणि त्याला हे बहुधा ठाऊकच नसतं. चार पार्सलं करायला तुम्हाला एक दुपार पुरते. पॅकेजमध्ये घालण्यासारखी गोष्ट ही.

आता नेहमीचा प्रसंग. छत्तीस हजार ठरतात आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो: "मुखपृष्ठ आमचा भाचा करतोय हो, तेवढं वजा करा." लेखकाच्या हिशेबात छत्तीसातून आठ गेले, अठ्ठावीस. तुमच्या हिशेबात पॅकेज मोडलं. सुटे दर धरायचे, चाळीसातून आठ गेले, बत्तीस. हे भांडण टाळायचं असेल तर कोटेशनमध्ये प्रत्येक कामाचा सुटा दर पहिल्या दिवसापासून लिहा आणि खाली एक ओळ टाका की एखादं काम कमी केल्यास सुटे दर लागू होतील. भाच्याची फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे छपाईऐवजी पडद्यासाठीच्या रंगांत, येणार आणि कण्याला जागाच सोडलेली नसणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

"अमर्याद करेक्शन" हे शब्द तर कागदावर आणूच नका. दोन प्रुफं, तीही छापील प्रतीवर किंवा पीडीएफवर खुणा करून. नाहीतर व्हॉट्सॲपवर आवाज येतो: "पान त्रेचाळीस, वरून तिसरी ओळ, तिथे आमच्या काकांचा एक परिच्छेद घालायचाय." काका आत आले की पुढचं अख्खं प्रकरण सरकतं, अनुक्रमणिका बदलते आणि १९२ चे १९३ होतात.

कराबद्दल दोनच वाक्यं. नुसत्या सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही; पण नोंदणी असेल आणि एकमेकांशी स्वाभाविक संबंध नसलेल्या गोष्टी तुम्ही एकाच किमतीत बांधल्या, तर त्यांतला सर्वांत चढा दर सगळ्या रकमेला लागू शकतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, डिझाइनच्या कामावर आहे, तेव्हा प्रतींची किंमत पॅकेजमध्ये मिसळण्याआधी सीएला विचारा.

मागून एक प्रश्न आलाय: "मी नवीन आहे, कामं नाहीत, पॅकेजने सुरुवात करू का?" नको. मुद्रितशोधन येतं ना, मग पाच पुस्तकांचं नुसतं मुद्रितशोधन घ्या, पूर्ण दराने. प्रत्येक पुस्तकाला किती तास गेले, त्यातले वाचण्यात किती आणि डीटीपीवाल्याला खुणा समजावण्यात किती, हे वहीत टिपा. तो दुसरा आकडा मोठा निघाला तर एखाद्या डीटीपीवाल्याशी बोला आणि दोघांचं मिळून पॅकेज काढा. दिवाळीआधीचे दोन महिने मात्र सोडून. तेव्हा अंकांच्या गर्दीत प्रेसला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि भरल्या हंगामात सूट द्यायचं काही कारणही नसतं.