गिटारवर गोंधळ बसवताना

नमस्कार मंडळी,

गोंधळ, ओवी, पोवाडा अकौस्टिक गिटारवर बसवून इथल्या श्रोत्यांना ऐकवायचा, असं आपल्या काही तरुण वादकांनी मनावर घेतलंय. फार चांगलं काम आहे. त्यांना पहिली विनंती ही, की कॉर्डचा विचार नंतर करा, आधी तुणतुण्याचा करा.

तुणतुण्याची एकच तार गाणाऱ्याला सतत षड्ज देत राहते. तिच्या जागी मेजर किंवा मायनर कॉर्ड आली, की गंधार शुद्ध की कोमल हे कॉर्डच ठरवून टाकते. गाणारा मात्र कधी कधी त्या दोहोंच्या मधे हलत असतो, आणि चालीची सगळी गोडी तिथेच असते. म्हणून एका गिटारच्या सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी-ए-डी-जी-ए-डी असं लागतं. डी हा सा धरला, तर मोकळ्या तारांत सा, म आणि प एवढेच स्वर उरतात, गंधार नाहीच. या गिटारने दुसरं काही वाजवायचं नाही. वादकाला हे काम दुय्यम वाटतं, पण बाकीचे सगळे तिच्यावर उभे असतात.

ही झाली पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची डीची पट्टी. चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की काळी तीन. काळी चार हवी असेल तर कॅपो सहाव्यावर नेऊ नका, खर्ज हरवतो. जी हा सा धरा आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा.

संबळाचा धुम्म हवा असेल तर तळवा घोडीपाशी (ब्रिजपाशी) टेकवून अंगठ्याने जाड तार छेडा. वरचा टणक बोल गिटारच्या कडेवर बोटांनी काढा, समोरच्या पातळ फळीवर ठोकू नका. सतत झणझण स्ट्रमिंग केलं तर सहा मात्रांचा झोल ऐकूच येत नाही.

थंडीत हीटर लावलेल्या सभागृहात हवा कोरडी पडते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा; ४० च्या खाली लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटांना लागतात, फळीला चीरही जाऊ शकते. रंगमंचावरच्या दिव्यांनी तारा तापून उतरतात, तेव्हा शेवटचं सूर जुळवणं तिथेच करा.

गिटार घेऊन सीमा ओलांडणार असाल तर लाकूड तपासा. २६ नोव्हेंबर २०१९ पासून बहुतेक रोझवुडच्या तयार वाद्यांना साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागत नाही. ब्राझिलियन रोझवुडला ही सवलत नाही. जुनी गिटार असेल तर कागदपत्रं आधीच करून घ्या.