घड हिरवाच कापतात

(चोपड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आत येताना पायरीवर एका मुलीनं मला तिची दोनशे पानी वही दाखवली. पहिल्या पानापासून पुठ्ठ्यापर्यंत भरलेली. म्हटलं, यातलं कुठे छापायला दिलंस का? "नाही सर, अजून फेअर करायचंय." कधीपासून? "तीन वर्षं झाली." शेजारी तिचे आजोबा उभे होते, ते हळूच म्हणाले, "लोके काय म्हनतीन, इतलंच शे ते." माझं निम्मं व्याख्यान आजोबांनी पायरीवरच उरकलं.

ही खोड आम्हा मास्तरांचीच. एक कच्ची वही, एक पक्की वही. कच्चीतलं कुणाला दाखवायचं नाही, पक्कीत खाडाखोड करायची नाही. मी बत्तीस वर्षं लाल पेन चालवलं, त्यामुळे या पापात माझा वाटा मोठा आहे. मुलं मोठी होतात, शाळा सुटते, पण डोक्यातली पक्की वही काही मिटत नाही. त्यात आपल्याकडे बोलीची भीती वेगळीच. घरात 'शे' म्हणायचं आणि कागदावर 'आहे' लिहायचं. मग वाटतं, पुण्याचा कुणी वाचेल आणि हसेल. पुण्याच्या माणसाला, खरं सांगू का, तेवढा वेळ नसतो.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी केळी आहे. मला सांगा, घड पिवळा व्हायची वाट बघत कुणी बागेत बसतं का? केळ्याच्या अंगावरच्या धारा बुजायला लागल्या, फळाला गोलाई आली, की घड हिरवागार असतानाच कापतात. झाडावर पिकू दिला तर साल तडकते, वटवाघळं येतात, आणि दिल्ली राहू द्या, सावद्यापर्यंत नेतानाच फण्या सुटतात. घड पिकतो तो पुढे, दुसऱ्याच गावी, रायपनिंग चेंबरमध्ये. लिहिलेलंही तसंच, वाचणाऱ्याच्या घरी जाऊन पिकतं. वहीत ठेवलं तर तडकतं.

थांबा, शेतकरी हात वर करताहेत. बरोबर आहे तुमचं. कोवळा घड कापला तर पिकवताना कितीही गॅस द्या, गोडी येत नाही. म्हणून कापणारा बघतो तो घड भरलाय की नाही एवढंच. पिवळा झालाय का, हे तो बघतच नाही. लेख भरलाय हे कशावरून ओळखायचं? माझ्यापुरतं मी असं धरतो : स्वतः पाहिलेली, स्वतःला लागलेली एक तरी गोष्ट त्यात हवी. आणि दुसऱ्याबद्दल काही लिहिलं असेल, तर नाव, गाव, साल नीट विचारून घेतलेलं हवं. तिथे सूट नाही. बाकी एखादं वाक्य लंगडतंय, शेवट जमला नाही, शुद्धलेखन चुकलंय, तर असू द्या.

नाव-गाव नीट न विचारण्याची सूट मी स्वतः एकदा घेतली आणि आपटलो. तापीवरच्या माझ्या पहिल्या लेखात लिहून बसलो की चांगदेव गावापाशी गिरणा नदी तापीला मिळते. छापून आलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी एस.टी. स्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खांदा धरला. "मास्तर, ती पूर्णा. गिरणा कोठून आणली तुम्ही?" मी मान खाली घातली. पण ते रागावलेले नव्हतेच. त्यांना बोलायचं होतं. हतनूर धरणाचं पाणी मागे संगमापर्यंत चढलं त्याआधी पात्र कसं होतं, महाशिवरात्रीच्या यात्रेला माणसं वाळू तुडवत कशी यायची, बैल कुठे सोडायची, हे सगळं त्यांनी दोन गाड्या चुकवून सांगितलं. त्यावर मी दुसरा लेख लिहिला, आणि वर पहिल्याची दुरुस्ती नावानिशी दिली. पहिला वहीत राहिला असता, तर ते गृहस्थ मला भेटते कुठे?

आता अमळनेर. इथून जवळच. साने गुरुजी तिथल्या छात्रालयात असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, मंडळी! मासिक असतं तर घासूनपुसून काढता येतं. दैनिकाला उद्याची सकाळ आ वासून उभी असते. जे झालं ते मुलांच्या हातात. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपल्या आईची गोष्ट पाच दिवसांत लिहून काढली, याचं आपण फार कौतुक करतो. मला ते पाच दिवस एकटे दिसतच नाहीत. त्यांच्यामागे रोज लिहून रोज हातावेगळं करण्याची सवय उभी आहे.

आणि बहिणाबाई. आसोद्याची लेक, लिहिता न येणारी. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी कानावर पडेल तसं जे उतरवून घेतलं, तेवढंच टिकलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. जात्यावर, शेतात म्हटलेल्या ज्या ओळींच्या वेळी जवळ कुणी कागद घेऊन बसलं नव्हतं, त्या गेल्या. माझी तर त्या हरवलेल्या ओळींसाठी अजून चरफड होते. त्यांची मात्रा एखादी कमी पडली असती, तर कोणी विचारलं असतं?

त्या पायरीवरच्या मुलीनं वही मला घरी वाचायला देऊ केली आहे. मी नेणार नाही. मी नेली की लाल पेन बाहेर येणार. बाळा, पुढच्या रविवारी याच टेबलापाशी उभी राहा आणि कुठलीही दोन पानं वाच. पानावरची खाडाखोड आम्हाला ऐकू येत नाही. ग्रंथपाल साहेब, त्या माईकची वायर तेवढी बघून ठेवा, मघापासून खरखर करतेय.