बासष्टाव्या पानावर आलेली नोट

(पडद्यावर: टेबलावर अर्धवट पटकथा. वरच्या पानावर आकडा ६२.)

६२ पानं झाली आहेत. पूर्ण लांबीची पटकथा साधारण ९० ते १२० पानांची असते. कुरिअर टंक, १२ पॉइंट, आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं ढोबळ एक मिनिट. म्हणजे हा सिनेमा तासभर चालून अडलाय. आणि नेमकी इथेच लेखिकेनं पानं मॅनेजरला पाठवली.

का पाठवली? विचारलं तर म्हणेल, मत हवं होतं. खरं म्हणजे पुढचं सुचत नव्हतं, आणि ‘छान चाललंय’ एवढं कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. ही लेखिका आम्ही कल्पनेनं उभी केली आहे. तिची अडचण मात्र लिहिणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

(पडद्यावर: मेल उघडतो.)

‘बहीण नकोशी वाटते. तिला एखादं कुत्रं देता येईल का?’

कथा दोन बहिणींची आहे. वडिलांचं घर विकायचंय, आणि धाकटी सही करत नाही. कुत्र्याचा कुठे संबंधच नाही. लेखिका लॅपटॉप मिटते. तेही बरंच, पहिल्या तासात लिहिलेलं उत्तर सहसा पाठवण्याच्या लायकीचं नसतं.

नोट, म्हणजे वाचणाऱ्यानं पटकथेवर दिलेली सूचना, वाचण्याआधी ती कोण देतंय हे पाहायला हवं. हॉलिवूडमध्ये लेखकाचा एजंट वेगळा आणि मॅनेजर वेगळा. कॅलिफोर्नियात काम मिळवून देणाऱ्या एजंटला राज्याचा परवाना लागतो. मॅनेजरला तो लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याचं काम सल्ल्याचं, लेखकाची कारकीर्द घडवण्याचं. म्हणून कच्चा खर्डा वाचणं बहुतेकदा त्याच्याकडे येतं. त्याचं कमिशन साधारण १० टक्के, आणि तेही लेखकाला पैसे मिळाले तरच. शिवाय पुढे तोच त्या सिनेमाचा निर्माता म्हणून नाव लावू शकतो. तेव्हा ‘नकोशी वाटते’ हे एका वाचकाचं मत आहे, की ‘ही भूमिका कुठली नटी घेईल’ ही विक्रेत्याची चिंता? सरळ विचारावं. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

(पडद्यावर: फोनवर बोलणारी लेखिका. हातात पेन्सिल.)

दुसऱ्या दिवशी ती फोन करते. कुत्र्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एवढंच विचारते, ‘वाचताना नेमकं कुठल्या पानावर मन उडालं?’

तो पानं चाळतो. चौदा.

चौदाव्या पानावर धाकटी सही नाकारते. का, ते कळतं एक्कावन्नाव्या पानावर. मधली ३७ पानं, म्हणजे जवळजवळ ३७ मिनिटं, प्रेक्षकाला ती नुसती हट्टी दिसते. लेखिकेला कारण पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तिला ती कधी तशी दिसलीच नाही. कुत्रं हा उपाय चुकीचा होता, पण दुखणं खरं होतं.

आता धोक्याची जागा. दुखणं सापडलं की हात शिवशिवतात. चौदावं पान उघडायचं, मग तेरावं, मग सुरुवातच बदलायची. मॅनेजर पुन्हा वाचतो, पुन्हा नोट येते. पहिली तीस पानं घासून चकचकीत होतात, आणि शेवट कधी लिहिलाच जात नाही. माझ्या मते अर्धवट पटकथेवरच्या चुकीच्या नोटेपेक्षा बरोबर नोट जास्त घातक. चुकीची नोट बाजूला टाकता येते, बरोबर नोट मागे ओढत नेते.

त्यावर धंद्यातली एक साधी सवय आहे: बदल झालाय असं धरून पुढे लिहायचं. लेखिका वहीत एक ओळ टिपते, ‘पान १४: नकार देण्याआधी धाकटी दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या खुणांवरून हात फिरवते.’ बास. ते पान ती उघडत नाही. एक्कावन्नाव्या पानावरचा खुलासा आता छोटा होईल, हेही शेजारी लिहून ठेवते.

मॅनेजरला मेल जातो: ‘मुद्दा पटला. कुत्रं नाही. पुढची पानं संपूर्ण खर्डा झाल्यावरच.’ असं म्हणायचा तिला हक्क आहे. कुणी पैसे देऊन लिहून घेतलेली नाही, अजून विकलेलीही नाही, तोवर पटकथा तिची आहे.

(पडद्यावर: कोरं पान. वर उजवीकडे ६३.)

आतलं दृश्य. वडिलांचं घर. रात्र. थोरली सुतळीनं खोकी बांधतेय. दारात धाकटी.