टाकी घरची की बाजारची?

कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळच्या ला होया शोर्स किनाऱ्यावरून मासेमारीसाठी पहाटे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, पाण्यात लोटल्या जातात, तेव्हा आसनामागच्या, जिवंत आमिष ठेवायच्या टाक्या रिकाम्याच ठेवलेल्या असतात. 30 लिटर पाणी म्हणजे 30 किलोंहून थोडे अधिक वजन, आणि ते फुटत्या लाटेत एका बाजूला हिंदकळले तर कयाक उलटायला वेळ लागत नाही. लाटांचा पट्टा ओलांडल्यावर टाकीत समुद्राचे पाणी भरणारा पंप सुरू होतो, बारीक गळांच्या माळेवर आपल्या बांगड्याचे आणि तारलीचे भाऊबंद असलेले मासे पकडून टाकीत सोडले जातात, आणि ते जिवंत राहिले तरच पुढे यलोटेल हा मोठा मासा गळाला लागण्याची आशा असते.

घरी टाकी करणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम बर्फाची चौकोनी पेटी येते, आणि तिथेच चूक होते. तारलीच्या जातीचे मासे सतत पोहत असतात; कोपऱ्यात त्यांची तोंडे आपटतात, खवले गळतात आणि असे आमिष फार वेळ तग धरत नाही. म्हणून गोल पिंप बरे, आणि पाणी भिंतीला समांतर सोडावे, म्हणजे ते संथपणे फिरत राहते. पंप पाणी जोराने आत ढकलतो, पण बाहेर ते केवळ उताराने जाते. त्यामुळे बाहेरची नळी आतल्या नळीपेक्षा बरीच रुंद हवी. तरीही तिच्या तोंडावरच्या जाळीवर चिकटलेले चार खवले टाकी तुंबवायला पुरतात.

तयार टाकीचे कोपरे गोलाकार असतात, झाकण घट्ट बसते आणि पट्टे कयाकच्या खाचेत नेमके अडकतात. या सोयीचे पैसे मोजायला हरकत नाही. मात्र आतला 12 व्होल्टचा पंप सहसा दुकानात सुटा मिळतो तसाच असतो, आणि खाऱ्या पाण्याने तारांची टोके हिरवी पडायची ती दोन्हीकडे पडतातच. तासाभराच्या फेरीसाठी एवढा खर्च आम्हाला तरी पटत नाही.

घरच्या टाकीची खरी परीक्षा जोडांची असते. पॉलिथिलीनच्या पिंपाला सिलिकॉन नीट चिकटत नाही, म्हणून आट्यांचा जोड दोन्ही बाजूंनी रबरी वायसर घालून आवळावा लागतो. मग टाकी काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची; कागदावर ओला डाग उमटला, तर त्याच्या वरचा जोड सकाळी पुन्हा उघडायचा.