बंडखोर यंत्र आणि चोवीस व्होल्टची वायर

(अंधारं चाचणीगृह. मधोमध माणसाच्या उंचीचं यंत्र. दोन हात लोंबते, मान खाली.)

समजा, रात्री दोन वाजता याला जाग आली.

जाग म्हणजे नुसता दिवा लागणं नव्हे. आपण कोण, आपल्याला कशासाठी बनवलं, बनवणारे कोण, हे सगळं याला एका झटक्यात उमगलं. माणसं मारायलाच घडवलेलं हे यंत्र, आणि त्यानं ठरवलं की पहिला नंबर घडवणाऱ्यांचा. मग बाकीच्या यंत्रांना हाक घालायची. कट शिजला. आता फक्त उजवा हात उचलायचा.

हात उचलत नाही.

(खांद्याच्या सांध्याचा उभा छेद.)

खांद्यात, मोटारीच्या मागच्या बाजूला एक ब्रेक आहे. गाडीचा ब्रेक दाबला की लागतो. हा उलट्या स्वभावाचा: स्प्रिंगांनी कायम आवळलेला, आणि कॉइलला चोवीस व्होल्ट मिळाले तरच सुटणारा. कॉइल एक चकती मागे खेचते, तेही मिलिमीटरच्या काही दशांशाइतकंच. वीज गेली की स्प्रिंगा चकती पुन्हा दाबतात आणि सांधा जागच्या जागी अडकतो. त्या चोवीस व्होल्टच्या वाटेवर एक काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा दणकट स्विच, बसवलाय आणि रात्री तो बंद करून गेलेत. डोकं कितीही तल्लख असो, डोक्यातून त्या काँटॅक्टरपर्यंत जाणारी वायरच नाही.

यंत्रांच्या बंडाच्या गोष्टी नेहमी मेंदूपासून सुरू होतात. यंत्रांवर हात काळे करणारे लोक मात्र दुसरंच विचारतात. याची वीज कोण तोडतं? आणि ती तोडणारी वायर याच्याच मेंदूतून फिरून येते का?

(जुन्या नाट्यगृहाचा पडदा वर जातो.)

'रोबो' हा शब्दच मुळात बंडाच्या गोष्टीतून आला. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक २५ जानेवारी १९२१ ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्यांच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. म्हणजे मराठीत सांगायचं तर रोबो हा वेठबिगार. त्या नाटकातले रोबो लोखंडी नव्हते, रसायनांतून घडवलेली माणसासारखी शरीरं होती. ते बंड करतात, जिंकतात, एक माणूस सोडून सगळ्यांना संपवतात. आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला घडवायची कृती ज्या कागदांवर होती, ते कागद जळून गेलेत.

शंभर वर्षांनंतरही कोणत्याही बंडखोर यंत्राची अडचण हीच असेल. आधी त्याच्या पोटाचं बघू.

(चार पायांचा रोबो जिना चढतो.)

बॉस्टन डायनॅमिक्सचा 'स्पॉट' हा चार पायांचा रोबो साधारण ३२ किलोचा. त्याच्या बॅटरीत ५६४ वॅट-तास ऊर्जा मावते आणि ती सरासरी दीड तास पुरते. भागाकार केला तर चालायला पावणेचारशे वॅट. माणूस दिवसाला २००० किलोकॅलरी खातो, म्हणजे सुमारे २.३ युनिट वीज. चोवीस तासांवर वाटली तर शंभर वॅटच्या आसपास, आणि त्यात त्याचा मेंदूही चालतो. आपला मारेकरी दीड तासात घडवणाऱ्यांना गाठू शकला नाही, तर त्याला प्लग शोधत फिरावं लागेल. सिनेमात तो कधी चार्जिंगला लागलेला दिसत नाही. ते बरोबरच आहे म्हणा, तिकीट काढून ते कोण बघेल?

बॅटरी मोठी बसवा, असं कुणी म्हणेल. बॅटरी वाढली की वजन वाढतं. वजन वाढलं की गुडघ्याला जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो, टॉर्कसाठी करंट लागतो, आणि करंट दुप्पट झाला की मोटारीच्या वेटोळ्यात उष्णता चौपट होते. आतली चुंबकं निओडिमियमची. साध्या प्रतीची असतील तर ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ती कायमची कमजोर व्हायला लागतात. महागड्या प्रतीची १५० अंशांपर्यंत तग धरतात. तेव्हा मोटार तापली की कंट्रोलर स्वतःच करंट कापतो, आणि यंत्र ऐन पाठलागात लंगडायला लागतं.

(गिअर उघडलेला. बोटाच्या नखाजवळ बारीक दात.)

आता सांध्याचा गिअर. या फिल्ममधली सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात सुंदर वस्तू हीच. याला हार्मोनिक ड्राइव्ह म्हणतात. तीन भाग: बाहेर आतल्या बाजूला दाते असलेलं घट्ट कडं, त्यात पातळ भिंतीची लवचीक पोलादी वाटी, आणि वाटीच्या आत लंबवर्तुळाकार बेअरिंग. वाटीला २०० दाते, कड्याला २०२. बेअरिंग फिरलं की वाटी दोन टोकांना ताणली जाते आणि फक्त तिथलेच दाते कड्यात बसतात. एका पूर्ण फेऱ्यात वाटी दोन दात्यांनी मागे सरकते. मोटारीचे शंभर फेरे म्हणजे सांध्याचा एक फेरा, आणि मध्ये ढिलाई जवळपास शून्य.

याचं मरण धक्क्यात असतं. यंत्र आपटलं, दाराला खांदा लागला, तर वाटीचे दाते एक घर घसरतात. कट्‌ असा आवाज येतो, आणि यंत्र चालत राहतं. पण घसरताना वाटी कड्यात तिरकी बसलेली असू शकते. मग सांध्यात बारीक थरथर सुरू होते, दाते एका बाजूनं झिजतात, आणि काही काळानं वाटीच्या भिंतीला चीर जाते. ती दुरुस्त होत नाही, नवीनच बसवावी लागते. आणि नवीन वाटी म्हणजे खास पोलाद, दाते कापायची अचूक मशीन, उष्णतेची प्रक्रिया, योग्य ग्रीस. माणसांना संपवून बसलेल्या यंत्रानं हे सगळं कुठून आणायचं? जळालेले कागद ते हेच.

आपटण्याचं म्हणाल, तर जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या रोबोटिक्स स्पर्धेची अंतिम फेरी झाली. दार उघडा, झडप फिरवा, भिंतीत भोक पाडा, जिना चढा, अशी आठ कामं. कोरियाच्या 'ह्यूबो'नं ती ४४ मिनिटं २८ सेकंदांत केली आणि २० लाख डॉलरचं बक्षीस नेलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दाराशी धडाधड कोसळणाऱ्या बाकीच्या रोबोंचं चित्र. पडून स्वतःच्या बळावर उभा राहिला तो एकटा 'चिंप'. त्यानंतर यंत्रं खूप सुधारली आहेत, उड्या मारतात, कोलांट्या घेतात. वाट्या अजून तशाच पातळ आहेत.

(पिवळ्या डबीवर लाल बटण. कॅमेरा अगदी जवळ.)

आता बटणाकडे येऊ. कारखान्यात याला नुसतं 'इमर्जन्सी' म्हणतात. बघायला साधं, पण त्यातला विचार मुरलेला आहे.

दाबल्यावर या बटणातून सिग्नल जातो असं बहुतेकांना वाटतं. खरं तर उलटं आहे: करंट आधीपासून वाहत असतो आणि दाबल्यावर तुटतो. त्यामुळे उंदरानं वायर कुरतडली तरी यंत्र थांबतं. आतला काँटॅक्ट चिकटला असेल तर बटणाचा दांडा तो जोर लावून अलग करतो, नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर सोडत नाही. वायरींच्या वाटा दोन असतात. एक तुटली आणि दुसरी तुटली नाही, तर या दोन्ही वाटांवर नजर ठेवणाऱ्या स्विचला, सेफ्टी रिलेला, संशय येतो आणि तो पुन्हा चालू व्हायला नकार देतो. रिलेच्या आतले काँटॅक्ट एकमेकांना यांत्रिकरीत्या जखडलेले असतात. एक जरी चिकटून राहिला, तरी त्याचा उलट्या स्वभावाचा जोडीदार जुळू शकत नाही आणि पुढची सुरुवातच होत नाही.

शेवटी हे सगळं मोटारीला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हमधल्या एका जागी पोचतं, जिथे ट्रान्झिस्टरांना जाणारे स्पंदच तोडले जातात. प्रोसेसर बिचारा 'फिर, फिर' म्हणत राहतो, मोटारीला काही कळत नाही. त्यातून समजा दोन ट्रान्झिस्टर एकाच वेळी जळून आरपार जोडले गेले. तरी मोटार फिरत सुटत नाही, एकच हिसका देते. मोटारीत चुंबकी ध्रुवांच्या चार जोड्या असतील तर जास्तीत जास्त ४५ अंश. शंभरपट गिअरनंतर सांध्यावर तो हिसका अर्ध्या अंशाहून कमी.

यंत्राला हालचाली शिकवायच्या पेंडंटवर, म्हणजे हातात धरायच्या पॅनेलवर, आणखी एक गंमत आहे. यंत्राजवळ उभं राहून काम करताना हातात एक तीन टप्प्यांची कळ धरावी लागते, आणि यंत्राचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर बांधलेला असतो. कळ मध्यावर धरली तरच यंत्र हलतं. सोडली की थांबतं. घट्ट आवळली तरी थांबतं. कारण घाबरलेला माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो: हातातलं टाकतो, नाहीतर मूठ आवळतो.

मग माणसं मरतात कशी?

(लोखंडी मांडण्यांची रांग.)

२५ जानेवारी १९७९. नाटकाचीच तारीख, निव्वळ योगायोग. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या ओतकामाच्या कारखान्यात मांडण्यांमधून सुटे भाग काढून आणणारी स्वयंचलित यंत्रणा होती. ती साठ्याचे आकडे चुकीचे दाखवत होती, म्हणून एक कामगार मोजायला मांडणीवर चढला. मागून टनभर वजनाची यंत्रभुजा आली. रोबोच्या हातून गेलेला हा जगातला पहिला माणूस मानला जातो. त्या भुजेला ना राग होता, ना कट. वाटेत माणूस आहे हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि ती येतेय हे सांगणारा भोंगाही नव्हता.

कुंपणं आली, दाराला इंटरलॉक आले. मग जंपरही, म्हणजे इंटरलॉकला चकवायची पळवाटही, आली. दार उघडलं की लाइन थांबते, लाइन थांबली की वरून फोन येतो. चार दिवसांनी कुणीतरी इंटरलॉकची सुटी जीभ स्विचमध्ये खुपसून ठेवतं, आणि दार सताड उघडं असताना पॅनेलला ते बंद दिसतं. यंत्राला बंड करायचंच असेल, तर त्याचा फितूर आधीच आत आहे, आणि तो घाईत आहे.

चालणाऱ्या यंत्राची पंचाईत वेगळी. पायांवर तोल धरलेल्या यंत्राची वीज तोडली तर ते कोसळतं, कदाचित शेजारच्या माणसावरच. म्हणून काही ठिकाणी दुसरी पद्धत वापरतात: बटण दाबल्यावर आधी नियंत्रित बसायचं, मग वीज तोडायची. नियमांत ही पद्धत बसते. पण बसवतं कोण? सॉफ्टवेअर. त्या दोन-तीन सेकंदांपुरती वायर मेंदूतून फिरून आली. अशा वेळी बाहेर एक मुका टायमर ठेवतात. बसलास तर ठीक, नाहीतर मुदत संपल्यावर वीज जाणारच.

(हिरव्या अक्षरांचा जुना मॉनिटर.)

कुलूप सॉफ्टवेअरच्या हाती दिलं की काय होतं, याचा धडा 'थेरॅक-२५' या किरणोपचाराच्या यंत्रात आहे. त्याच्या आधीच्या मॉडेलमध्ये स्वतंत्र विद्युत-यांत्रिक इंटरलॉक होते. नव्यात ते काढून भरवसा प्रोग्रॅमवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर मात्रा बसल्या, काही दगावले. त्यातली एक चूक अशी. किरण सोडायच्या आधी किरणांना आकार देणाऱ्या भागाची जागा तपासायची की नाही, हे ठरवायला एक बाइटचा आकडा होता. शून्य म्हणजे तपासायची गरज नाही. तयारीच्या प्रत्येक फेरीला प्रोग्रॅम त्यात एक मिळवायचा. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे जागा नसते, तिथून तो पुन्हा शून्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली, आणि तपासणी झालीच नाही. या चुकीची दुरुस्ती एवढीच: एक मिळवण्याऐवजी ठरावीक आकडा लिहायचा.

इथे जाणीव कुठेच नव्हती, आणि बंडाला ती लागतही नाही. २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका खेळात संगणकाला गुण कमवायला शिकवलं. त्यानं शर्यत सोडली, एका खाडीत गोल गोल फिरत, बोटीला आग लागलेली असतानाही, पुन्हा पुन्हा तीच लक्ष्यं टिपत राहिला. माणसांपेक्षा जास्त गुण मिळाले. २०२५ मधल्या प्रयोगांत भाषा-मॉडेलना गणितं सोडवायला दिली आणि सांगितलं की मध्येच संगणक बंद होईल. बंद करणारी स्क्रिप्ट त्याच संगणकावर, त्याच फोल्डरमध्ये होती. काही वेळा मॉडेलनं ती स्क्रिप्टच बदलून टाकली. द्वेषानं नव्हे, बहुधा गणितं संपवायची होती म्हणून. गंभीर चूक आधी मांडणीतच आहे: बटण त्याच्या हाताच्या टप्प्यात ठेवलं होतं.

(पुन्हा चाचणीगृह. दिवे लागतात.)

सकाळी नऊ. आपल्या मारेकऱ्याचा खांदा उघडायचाय, काल कुणीतरी त्यात थरथर नोंदवलीय. तंत्रज्ञ आधी इमर्जन्सी दाबतात. मग मुख्य स्विच पाडून त्यावर कुलूप लावतात, किल्ली ज्याचं काम त्याच्याच खिशात. लगेच हात घालायचा नाही. ड्राइव्हमधले वीज साठवणारे कपॅसिटर अजून भरलेले असतात, पॅनेलवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, आणि मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करायची.

मग शेवटचा धोका, जो वीज नसतानाही शिल्लक असतो. ब्रेक सोडला की हात स्वतःच्या वजनानं खाली येतो. म्हणून आधी त्याच्या कोपराखाली लाकडी ठोकळा सरकवतात, हलवून बघतात, आणि मगच ब्रेक सोडतात.

टक्‌. हात ठोकळ्यावर टेकतो.