चार्ल्स्टनच्या धक्क्यावरून पहाटे निघालेली बोट

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत लेकीसुनांकडे जाणारी आपली मंडळी न्यूयॉर्क बघतात, नायगारा बघतात आणि परततात. दक्षिणेकडे फारसं कुणी वळत नाही. माझी लेक शार्लटला असते. तिथून गाडीने साडेतीन तासांवर, अटलांटिकच्या काठी, साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्स्टन हे १६७० साली वसलेलं बंदर आहे. आज त्या शहराबद्दल बोलायचं आहे, आणि खरं तर तिथल्या एका माणसाबद्दल. नाव लक्षात ठेवा: रॉबर्ट स्मॉल्स.

शहर देखणं आहे, यात वादच नाही. घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे. रस्त्यावरचं दार उघडलं की थेट घरात जात नाही, आधी लांबलचक पडवी लागते. समुद्राचा वारा घरभर खेळावा म्हणून ही रचना. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. १८८६च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं. १९३१ साली या शहराने कायदा करून आपला जुना भाग राखला. तसं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. आपल्याकडे वाडा पडला की आपण हळहळतो आणि तिथल्या नव्या इमारतीत फ्लॅट बुक करतो. हळहळीने वाडे वाचत नाहीत, त्याला नियम लागतो आणि तो पाळणारी माणसं लागतात. असो.

आता मुद्द्याचं. ही घरं उभी राहिली ती तांदळाच्या पैशावर, आणि तो तांदूळ पिकवला गुलामांनी. पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीच्या प्रदेशांतली माणसं इथे आणून विकली. भाताचं ज्ञान त्यांचं, कष्ट त्यांचे, पैसा मालकाचा. बाजारात आजही त्यांच्या लेकीसुना गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतात. मी एकीजवळ बराच वेळ उभी होते. चमच्याचा घासलेला दांडा गवताच्या वेटोळ्यात खुपसायचा, भोक पाडायचं, त्यातून ताडाच्या पानाची पट्टी ओढून आवळायची, की पुढचा टाका. त्यांच्यातली एक गोल, पसरट टोपली भात पाखडायची. अगदी आपलं सूपच! सूप घरात असावंच, असं माझं ठाम मत आहे. निवडलेलं धान्य पिशवीत मिळतं हे खरं, पण पाखडताना हाताला धान्य कळतं, ते पिशवीवरून कळत नाही.

तर रॉबर्ट स्मॉल्स. जन्म १८३९, गुलामाच्या पोटी, जवळच्याच ब्यूफर्ट गावात. पोरवयातच मालकाने त्याला चार्ल्स्टनला कामाला लावलं. मजुरी मालकाला, याच्या हातात आठवड्याला एक डॉलर. बायको हॅना हॉटेलात काम करायची, तीही गुलाम. बायको आणि मुलीला विकत घेऊन सोडवायचं तर आठशे डॉलर हवे होते. आठवड्याला एक डॉलर, आणि हवे आठशे!

१८६१ साली याच बंदराच्या तोंडाशी, सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं: एका बाजूला गुलामगिरी राखायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं, दुसऱ्या बाजूला उत्तर. दक्षिणेच्या सैन्याकडे प्लँटर नावाची वाफेची बोट होती. रॉबर्ट तिच्यावर सुकाणू धरायचा. बंदरातलं पाणी कुठे खोल, सुरुंग कुठे पेरलेत, कोणत्या किल्ल्यापुढे कशी शिट्टी द्यायची, सगळं त्याला पाठ.

१२ मे १८६२ची रात्र. तिन्ही गोरे अधिकारी झोपायला घरी गेले. बोटीवर उरले फक्त गुलाम खलाशी. त्यांचं आधीच ठरलं होतं: पकडले गेलो तर बोट बुडवायची, आणि ती लवकर बुडाली नाही तर हात धरून समुद्रात उड्या घ्यायच्या. पहाटे तीनच्या सुमारास बॉयलर पेटवला. रॉबर्टने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली. दुसऱ्या धक्क्यापाशी बायकामुलं अंधारात लपून थांबली होती, त्यांना वर घेतलं. आणि मग बोट पळवली नाही. रोजच्या कामाला निघावी तशी सावकाश चालवली, कारण घाई दिसली की संशय आलाच.

एकेक किल्ला मागे पडला. शेवटी सम्टर. पहाटेचे साडेचार, उजाडायला आलेलं. रॉबर्ट कप्तानासारखा हाताची घडी घालून उभा राहिला. शिट्टी दिली: दोन लांब, एक आखूड. पुन्हा सांगते, दोन लांब आणि एक आखूड. पहारेकऱ्यांनी बोट जाऊ दिली!

तोफांच्या टप्प्याबाहेर पडताच दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली. समोर उत्तरेचं ऑनवर्ड जहाज गोळा डागायच्या बेतात होतं. चादर दिसली आणि हात थांबले. बोटीवर सोळा जीव होते, सोळाही जण स्वतंत्र झाले. सोबत तोफा आणि दक्षिणेच्या सैन्याच्या गुप्त खुणांची वही. रॉबर्टचं वय तेव्हा तेवीस.

पुढे तो याच प्लँटरचा कप्तान झाला. १८७५मध्ये अमेरिकेच्या संसदेत गेला. आणि ब्यूफर्टमधलं मालकाचं घर, ज्याच्या आवारात तो जन्मला, ते करथकबाकीच्या लिलावात त्याने विकत घेतलं. ही गोष्ट मी नातवंडांना सांगते, भिशीत सांगते, आज तुम्हाला सांगितली.

जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, उन्हाळ्यात तिथे कोकणासारखा घाम निघतो. गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे गुलामांची जहाजं लागायची, तिथे २०२३ साली मोठं संग्रहालय उघडलंय. त्याला अर्धा दिवस द्या, रंगीत घरांपुढचे फोटो नंतर. सम्टरची बोट लिबर्टी स्क्वेअरहून सुटते, किल्ला सुमारे अर्ध्या तासावर. आणि एक दिवस हाताशी उरला तर ब्यूफर्टला जा. टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात रॉबर्ट स्मॉल्सची समाधी आहे, शेजारी त्याचा अर्धपुतळा. नमस्कार.