पोटाच्या पिसांतलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडीमार्गे म्हसवडकडे निघालं की गावागणिक हिरवा रंग उतरत जातो. गोंदवलं मागं पडतं आणि उरतात महादेव डोंगररांगेच्या बोडक्या टेकड्या, कुसळाचं माळरान, मधूनच एखादं हिवराचं झाड. जिल्हा एकच, पण महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम ५०० च्या आसपास. ढग सह्याद्रीवरच रिते होऊन येतात.

अशा मुलखात राजेवाडीचा तलाव आहे. १८७६ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून त्याचा बांध घालायला घेतला आणि माणगंगेचं पाणी अडलं. उपाशी माणसांनी वाहिलेली ती माती. त्या बांधावर उभं राहिलं की मला अजून गलबलून येतं.

लोक तलाव बघायला जातात ते पाणी बघायला. मला ओढ असते ती त्याच्या भोवतालच्या माळाची. दिवाळीनंतर पाणी मागं सरकू लागतं, ओल्या गाळात हरभरा पेरला जातो. वर खडकाळ उतारावर धनगरांची मेंढरं चरत असतात. आणि सकाळी, ऊन जरा वर आलं की, दूरच्या माळावरून पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर उतरतात.

पखुर्डी कबुतराएवढी, मातकट रंगाची. घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, दगडगोट्यांत दोन-तीन अंडी घालते, तीही दगडाच्याच रंगाची. पिल्लं झाली की नर तलावावर येतो, उथळ पाण्यात बसतो आणि पोटाची पिसं भिजवून घेतो. ही पिसं स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. कागदावर या माळाला ‘पडीक’ म्हणतात, आणि मग झाडं लावण्यासाठी कुणी तिथं सरसकट खड्डे घेतं. गावाभोवती, बांधांवर झाडं जरूर लावा. पण कुसळाचा माळ आहे तसा राहू द्या. तो मोडला तर तलाव भरूनही पखुर्डीला अंडी घालायला जागा उरणार नाही.

नर भिजलेल्या पोटानं कैक मैल उडत माघारी जातो, ताठ उभा राहतो. पिल्लं धावत येतात, त्याच्या पोटाखाली चोची घालतात आणि एकेक पीस ओढून राजेवाडीचं पाणी पितात.